आवाज वाढवू नका, फट शोधा : वैमानिकाच्या हेल्मेटमधले इअरकप आणि स्पष्ट ऐकू येणं

गेल्या उन्हाळ्यात वाईचा एक मुलगा हेल्मेट घेऊन माझ्याकडं आला. मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं छोटं विमान, उडवायला शिकतोय. बसायच्या आधीच म्हणाला, "काका, व्हॉल्यूम फुल्ल केला तरी रेडिओवरचं कळत नाही हो. तेवढा स्पीकर बदलून द्या." मी हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढवलं, पट्टा आवळला आणि उजव्या कानाखाली, जबड्याच्या मागं जो खळगा असतो, तिथं करंगळी सरकवली. ती सहज आत गेली. चष्म्याच्या काडीपाशीही तीच गत. स्पीकर ठणठणीत होता.

हवाई दलात माझी बरीच वर्षं हेल्मेट, ऑक्सिजन मास्क आणि पॅराशूट सांभाळण्यात गेली. आता साताऱ्यात असतो. कराडच्या धावपट्टीवर शिकणारी, पॅरामोटर (पाठीवर इंजिन बांधलेलं पॅराग्लायडर) उडवणारी मुलं अधूनमधून येतात आणि दहातल्या आठांची तक्रार हीच असते. म्हणून जे हातानं करून दाखवतो, ते एकदा सविस्तर लिहून काढतोय. हेडसेट वापरणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

पायरी १ : आपल्या विमानाचा गोंगाट ओळखा

दोन पात्यांचा पंखा असलेलं साधं प्रशिक्षण विमान घ्या. इंजिन मिनिटाला २४०० फेरे मारतंय, म्हणजे सेकंदाला ४०. प्रत्येक फेऱ्यात दोन पाती, म्हणून पंख्याचा मूळ स्वर ८० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ८० ठोके. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटतं, त्याचाही स्वर ८० हर्ट्झच. दोघं एकाच सुरात घुमतात. हेलिकॉप्टरमध्ये रोटरची धडधड याहून खालची असते आणि गिअरबॉक्सची शीळ बरीच वरची. पॅरामोटरला टू-स्ट्रोक इंजिन पाठीलाच बांधलेलं, वर वारा उघडा.

आता बोलणं बघा. अ, आ, ओ या स्वरांची ताकद साधारण ३०० ते १००० हर्ट्झमध्ये असते. स, च, ट, थ, फ ही व्यंजनं ओळखू येतात ती २००० च्या वरच्या बारीक आवाजामुळं, आणि त्यांच्यात जोर फार कमी. मग ८० हर्ट्झची घरघर त्यांना का गिळते? आपल्या कानाची रचनाच अशी आहे की खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. घरघर जितकी मोठी, तितकी तिची सावली वर लांबवर पडते. त्यामुळं शब्दाचा सांगाडा ऐकू येतो, शब्द कळत नाही. "काहीतरी बोलले, पण काय ते कळलं नाही" अशी तक्रार आली की मी प्रथम खालच्या आवाजाचाच रस्ता शोधतो.

व्हॉल्यूम वाढवून हे सुटत नाही. एका हद्दीपुढं कान स्वतःच आवाज फाटका करून ऐकतो. त्यात कानाला मिळणारा मार वाढतो. अमेरिकेतली नायॉश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था ८५ डेसिबलला दिवसाला ८ तासांची मर्यादा धरते आणि पुढं प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी करते. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला फक्त १. तीन डेसिबल म्हणजे गादीखालची एवढीशी फट.

पायरी २ : वाटी कशी काम करते ते समजून घ्या

इअरकपला आम्ही वाटीच म्हणायचो. तिच्यात चार गोष्टी असतात. बाहेरचं टणक कवच, आतला फोम, स्पीकर आणि कडेची गादी.

खालचे स्वर, म्हणजे इंजिनाची घरघर, अडवायचं काम वाटीतली हवा आणि गादीची सीलबंदी मिळून करतात. आत जागा जास्त असेल तर अडकलेली हवा मऊ स्प्रिंगसारखी वागते आणि घरघर कानापर्यंत कमी पोचते. म्हणून चपट्या, देखण्या वाट्या इंजिनाच्या घरघरीपुढं कमी पडतात. मधल्या स्वरांना कवचाचं वजन अडवतं. वरच्या बारीक स्वरांचा बंदोबस्त कवच आणि आतला फोम करतात.

यावरून एक निदान करता येतं. फट असली की पहिल्यांदा खालचे स्वर आत शिरतात. वरचे स्वर बऱ्यापैकी अडलेलेच राहतात, त्यामुळं हेल्मेट घातल्याबरोबर "शांत" वाटतं आणि माणूस फसतो. घरात हेल्मेट घालून पंख्याचा आवाज गेला म्हणजे फिटिंग चांगलं, असं समजू नका.

कान मोठा आहे म्हणून आतला फोम काढून टाकणारे मी बरेच पाहिलेत. फोम नसला की वाटी रिकाम्या डब्यासारखी वाजते आणि बोलणं पोकळ येतं. जागाच हवी असेल तर पातळ फोम बसवा, पण काढू नका.

पायरी ३ : फिटिंग, आणि इथं घाई नको

या पायरीला अर्धा तास द्या. बाकी सगळ्या पायऱ्या मिळून जेवढा फरक पडतो, त्याहून जास्त इथं पडतो.

हेडसेटमध्ये वरची पट्टी स्प्रिंगसारखी दोन्ही वाट्या डोक्यावर दाबते. हेल्मेटमध्ये तशी स्प्रिंग बहुधा नसते. वाटीला दाबतं ते हेल्मेटचं कवच आणि वाटीमागच्या पॅडच्या चकत्या. म्हणून हेल्मेटचा आकार चुकला तर वाटी कितीही महाग असो, ती बसणार नाही.

क्रम असा ठेवा. सगळे पट्टे सैल करा. दोन्ही बाजू हातांनी फाकवून हेल्मेट डोक्यावर घ्या, नाहीतर कानाची पाळी दुमडून गादीखाली अडकते. बोट घालून दोन्ही कान सरळ करा. कान पूर्ण वाटीच्या आत हवा, गादी कानावर टेकता कामा नये. मग मानेमागचा पट्टा आवळा. हा पट्टा वाटीचा खालचा भाग आत ओढतो, आणि बहुतेक जण नेमका हाच विसरतात. हनुवटीचा पट्टा सर्वांत शेवटी.

आता कागदाची परीक्षा. वर्तमानपत्राची बोटभर रुंद पट्टी कापा. घड्याळाच्या काट्यांप्रमाणं बाराच्या जागेपासून सुरू करून दोन, चार, सहा, आठ, दहा अशा सहा ठिकाणी ती गादीखाली सरकवा आणि हलकेच ओढा. सगळीकडं सारखी ओढ लागली पाहिजे. जिथं पट्टी सुळकन निघून येते तिथं फट. बहुधा तीन जागा सापडतात: कानाखालचा जबड्यामागचा खळगा, चष्म्याची काडी, आणि कानशिलापाशी हाड जिथं आत वळतं ती जागा. हीच परीक्षा तोंड उघडून, नंतर "अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी" म्हणताना घ्या. जबडा हलला की खळग्यातली गादी उचलली जाते, आणि तुम्ही रेडिओवर बोलता तेव्हा जबडा हलतच असतो.

फट खाली असेल तर वाटीमागं खालच्या बाजूला पाचरीसारखी चकती लावा, म्हणजे वाटी खालून आत कलते. एका वेळी एकच चकती. लावा, घाला, कागद ओढून बघा. घाईत तीन-चार चकत्या कोंबल्या तर वाटी वाकडी होते आणि वरची बाजू उघडते. दाब जास्त झाला तर वीस मिनिटांत कानामागं ठणका लागतो. म्हणून फिटिंगनंतर घरातच तासभर हेल्मेट घालून बसा. डोकं दुखायला लागलेला वैमानिक उड्डाणात हेल्मेट सैल करतोच, आणि मग आपली सगळी मेहनत वाया जाते.

चकत्या फोमच्याच हव्यात. रबराचे तुकडे, लाकडाची पाचर, घडी घातलेला पुठ्ठा यातलं काहीही वाटीमागं घालू नका. वाटी तुमच्या कवटीला टेकलेली असते, हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो. अमेरिकी लष्कराच्या एसपीएच-४ हेल्मेटच्या वाट्या कडक होत्या. अपघातात बाजूनं मार बसला की त्याचा जोर वाटीतून थेट कवटीच्या तळापर्यंत जात असल्याचं त्यांच्या तपासात दिसलं. म्हणून पुढच्या हेल्मेटांत ठरावीक जोराला चुरगळून मार शोषून घेणाऱ्या वाट्या आल्या. तुम्ही मागं लाकूड घातलं तर ती चुरगळायची सोयच मारून टाकता. तसंच वाटीला जागा करायला आतलं थर्माकोलसारखं अस्तर चाकूनं कोरू नका. अपघातात डोकं वाचवतं ते तेच.

चष्मेवाल्यांसाठी उपाय सोपा आहे. जाड प्लॅस्टिकच्या काड्यांऐवजी तारेसारख्या बारीक, सरळ काड्यांची फ्रेम करून घ्या. सोबत जेल किंवा अगदी मऊ फोमची गादी घेतली तर ती काडीभोवती वळते. लांब कल्ले आणि गादीखाली आलेली केसांची बटही फटच तयार करते. केस मागं घ्या.

पायरी ४ : तळहाताची परीक्षा

विमान जमिनीवर, ब्रेक लावलेले, इंजिन चालू, नियंत्रण शिक्षकाच्या हातात. दोन्ही तळहातांनी वाट्या हलकेच डोक्यावर दाबा. घरघर लक्षात येण्याइतकी कमी झाली तर दाब किंवा सील कमी आहे, पायरी ३ कडं परत जा. काहीच फरक पडला नाही तर फिटिंग जमलं. यात यंत्र नाही, खर्च नाही, आणि ही परीक्षा आजवर मला कधी चुकलेली आढळली नाही.

पायरी ५ : माइक ओठाला लागून

ऐकू न येण्याचं अर्धं कारण समोरच्याच्या माइकमध्ये असतं, आणि समोरच्यासाठी आपण समोरचेच.

गोंगाट कापणाऱ्या माइकला दोन बाजूंनी भोकं असतात. लांबून येणारा इंजिनाचा आवाज दोन्हीकडून जवळजवळ सारखाच शिरतो आणि आपसात कटतो. ओठांजवळचा आवाज एका बाजूनं जास्त शिरतो, म्हणून तो उरतो. ही युक्ती माइक ओठांच्या अगदी जवळ असेल तरच चालते. ३ ते ५ मिलिमीटर, म्हणजे तांदळाचे दोन दाणे आडवे ठेवले एवढं अंतर. बोटभर लांब गेला की तो साधा माइक होतो. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं पडतो, ते वेगळंच.

माइक ओठांच्या कोपऱ्याला ठेवा, म्हणजे प, फ, भ ची फुंकर थेट बसत नाही. ओठांकडची बाजू अनेक माइकवर खुणेनं दाखवलेली असते, ती पाहून घ्या. मागच्या भोकावर चिकटपट्टी लावू नका. वाऱ्यापासून बचावासाठी माइकवर फोमची टोपी हवीच. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभं राहून फोनवर बोललेल्या कुणालाही वारा शब्दांचं काय करतो ते वेगळं सांगावं लागत नाही.

इंटरकॉमचा (विमानात आपसात बोलायच्या यंत्रणेचा) स्क्वेल्च, म्हणजे ठरावीक आवाजाखाली माइक आपोआप बंद करणारं बटण, असा ठेवा की कुणी बोलत नसताना माइक बंद राहील. दोन माइक उघडे राहिले तर दोघांचा गोंगाट मिळून ३ डेसिबल वाढतात, आणि हा गोंगाट वाटीच्या आतून, स्पीकरमधून येतो. त्याला कुठलीही गादी अडवू शकत नाही.

पायरी ६ : वायरिंग आणि ओहम जुळतात का?

हे थोडक्यात, पण जुनं लष्करी हेल्मेट विकत घेणाऱ्यांनी नीट वाचा. ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. पाश्चात्त्य लष्करी हेल्मेटमधले स्पीकर बहुधा ८ ओहमचे आणि डायनॅमिक माइक ५ ओहमचा असतो. नागरी छोट्या विमानांना साधारण ३०० ओहमच्या आसपासचे स्पीकर आणि जोरदार सिग्नल देणारा माइक लागतो. प्लगही वेगळे. लष्करी आणि हेलिकॉप्टरच्या हेल्मेटना यू-१७४ हा एकच प्लग, नागरी विमानांना दोन. नुसता प्लग बदलणारा अडॅप्टर लावला तर जोडणी होते, आवाज मात्र मरतुकडा किंवा फाटका येतो. ओहमची जुळणी करणारा ट्रान्सफॉर्मर आणि माइकचा सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प असलेलाच अडॅप्टर घ्या. एका कानात काहीच येत नसेल तर काही उघडण्याआधी मोनो-स्टिरिओचं बटण बघा.

पायरी ७ : मग इअरप्लग, मग एएनआर

सील जमल्यावरच इकडं वळा.

फोमचा प्लग बारीक गोल वळून घ्यायचा, विरुद्ध हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागं ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. बाहेरून निम्मा दिसत असेल तर तो बसलेला नाही. वाटी आणि प्लग यांची बेरीज होत नाही. दोघांतल्या चांगल्याच्या वर साधारण ५ डेसिबल मिळतात, कारण पुढं आवाज कवटीच्या हाडांतूनच आत जातो. प्लगमुळं रेडिओचं बोलणंही दबतं, म्हणून इथं व्हॉल्यूम वाढवणं रास्त आहे. मात्र साधा फोम वरचे स्वर जास्त दाबतो आणि व्यंजनं मुकी होतात. शक्य असेल तर सगळे स्वर सारखे दाबणारा प्लग घ्या. अमेरिकी लष्करानं यावर छान तोड काढली: प्लगमध्येच बारीक स्पीकर. गोंगाटाला वाटी आणि प्लग दोन्ही ओलांडावे लागतात, बोलणं मात्र सरळ कानात. सर्दी झालेली असताना प्लग घालून भराभर खाली उतरू नका, कान दुखतो.

एएनआर (ॲक्टिव्ह नॉइज रिडक्शन) म्हणजे वाटीतला माइक घरघर ऐकतो आणि स्पीकर तिच्या उलटी लहर सोडतो. असा हेडसेट करायचं अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचलं आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये बाजारात आला. एएनआर खालच्या स्वरांवर उत्तम चालतं, १००० हर्ट्झच्या वर जवळजवळ नाही. आणि त्याला सील लागतोच. फट असेल तर विमानाच्या हादऱ्यांबरोबर ते कानात धपधप करतं. मुलं फिटिंग टाळून थेट महागडं एएनआर किट घेतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. घरच्यांच्या घामाचा पैसा असतो तो.

पायरी ८ : बोलणं

कान बंद असले की स्वतःचा आवाज डोक्यात मोठा घुमतो, म्हणून माणूस नकळत हळू बोलतो. उलट गोंगाट ऐकू येत असला की नकळत ओरडतो. एत्येन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवलेला परिणाम तो हाच. ओरडण्यानं अ, आ, ओ हे स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या मानानं मागं पडतात, म्हणजे जे हवं तेच बुडतं. स्वतःच्या कानात येणारा आपला आवाज इंटरकॉमवर नीट लावून घ्या आणि एका पट्टीत बोला.

इंग्रजी आकड्यांत 'फाइव्ह' आणि 'नाइन' यांचा स्वर एकच, म्हणून रेडिओवर 'फाइफ' आणि 'नाइनर' म्हणतात. काहींना ते नाटकी वाटतं. वाटू द्या, म्हणा. 'थर्टीन'-'थर्टी'च्या भानगडीत न पडता एकेक अंक सुटा बोला.

पायरी ९ : गिरणीतली परीक्षा

हे सगळं जमलं का, ते मोजायचं कसं? यासाठी जगभर यमकाच्या शब्दांची परीक्षा वापरतात. सहा-सहा शब्दांचे ५० गट, गटातल्या शब्दांत एकाच व्यंजनाचा फरक. मी तीच आपल्या भाषेत करून घेतो:

घाट, ताट, पाट, वाट, लाट, खाट
कान, पान, रान, मान, दान, भान
चार, पार, फार, गार, वार, तार
डाळ, बाळ, माळ, गाळ, काळ, टाळ

आपल्या मराठीत प-फ, क-ख, त-थ अशा जोड्या असल्यानं ही परीक्षा फार कसून होते. या जोड्यांतला फरक फक्त एका बारीक फुंकरीचा, आणि खराब फिटिंगमध्ये पहिली मरते ती फुंकर.

गोंगाटासाठी आमच्या गल्लीतली पिठाची गिरणी. पट्ट्याची घरघर, मोटारीची घुमारी, खालच्या स्वरांचा भरपूर साठा. गिरणीवाल्यानं परवानगी दिली. वाईचा मुलगा हेल्मेट घालून आत उभा राहिला आणि मी बाहेर ओट्यावरून वायरच्या इंटरकॉमवर शब्द वाचले. गटातला कुठला शब्द वाचायचा ते चिठ्ठी उचलून ठरवायचं, म्हणजे त्याला अंदाज बांधता येत नाही. तो छापील यादीवर ऐकलेल्या शब्दाला गोल करतो. किमान पाच फेऱ्या घ्या, कारण सहातला एक तर नुसत्या नशिबानंही बरोबर येतो. अमेरिकी लष्करी मानकात या परीक्षेला ७५ टक्के हे किमान आणि ९१ टक्के सर्वसाधारण चांगलं धरतात. आपणही तोच पल्ला धरू.

चुका नुसत्या मोजू नका, वाचा. पार-फार, काळ-टाळ अशा जवळच्या जोड्यांतच चुका असतील तर वरचे स्वर कमी पडतायत: स्पीकर कानाच्या भोकासमोर नाही, किंवा प्लग जास्त दाबतोय. सगळ्याच गटांत सरसकट चुका असतील तर फट किंवा माइक. माणूस थकल्यावर, अर्ध्या तासानंतर, एक फेरी पुन्हा घ्या. खरं उड्डाण तितकं तरी चालतंच.

पायरी १० : देखभाल

गादी ही झिजणारी वस्तू आहे. घाम आणि तेल पिऊन ती कडक होते, मग चिरते. बोटानं दाबा, हळूहळू पण पूर्ण वर आली पाहिजे. चीर दिसली की बदला, आणि दोन्ही एकदम बदला. पुसायला साबणाचं कोमट पाणी आणि मऊ फडकं. सॅनिटायझर नको, त्यातल्या अल्कोहोलनं आवरण टणक होतं. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीकडं राहणाऱ्यांनी हेल्मेट बंद पिशवीत ठेवू नये, आठवड्यात बुरशी धरते. उघड्यावर, सावलीत, वाट्या दबणार नाहीत असं ठेवा. एप्रिल-मेमध्ये गाडीच्या काचेमागं तर अजिबात नको. सुती आवरण घालायचंच असेल तर पातळ, बिनशिवणीचं, आणि ते घालून कागदाची परीक्षा पुन्हा.

उतरल्यावर कानात किणकिण येत असेल तर ती सोडून देऊ नका. दर वर्षी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढा आणि ४००० हर्ट्झपाशी खड्डा पडतोय का ते बघा. गोंगाटानं गेलेलं ऐकणं बहुधा तिथूनच जायला लागतं. माझ्या उजव्या कानाला तिथं खड्डा आहे. धावपट्टीवर कुणी हाक मारली की मी एक वाटी कानावरून उचलायचो, त्याचा तो हिशेब. आज नातवंडं बारीक आवाजात बोलली की मला डावा कान पुढं करावा लागतो.

वाईच्या मुलाचे पहिल्या दिवशी ६० पैकी ३८ शब्द बरोबर आले. मानेमागचा पट्टा आवळला, दोन्ही वाट्यांमागं खालून एकेक पाचरी चकती लावली, माइक ओठाला आणला. स्पीकर तेच, आणि व्हॉल्यूम त्यानं स्वतःच अर्ध्यावर घेतला. दुसऱ्या फेरीत ५३. उरलेल्या सातांपैकी पाच चुका उजव्या कानावर डोकं कललं की व्हायच्या, काडीपाशी. तारेच्या काड्यांचा चष्मा तयार झाला की पुन्हा गिरणीत यायचं ठरलंय. तोवर शब्दांची यादी त्याच्याजवळच आहे, आणि त्याची आई भाकरी करताकरता त्याला घाट-खाट म्हणायला लावते.